रोमन मोझॅकच्या फरश्या जागच्या जागी कशा टिकवतात? आपल्याकडे उघड्या पडलेल्या कोब्यासाठी विचारतोय

धानपट्टा_रामटेक

नमस्कार मंडळी. रामटेक तालुक्यात आमच्या शिवारात शेततळ्याच्या खोदकामात जुन्या विटांचं बांधकाम लागलं. त्यावर चुना आणि विटकरीच्या चुऱ्याचा कोबा आहे, उघडा पडलेला भाग अंदाजे ४ बाय ६ मीटर. काम लगेच थांबवलं, तहसीलला लेखी कळवलं, पुरातत्त्व खात्याची माणसं येऊन फोटो-मोजमाप घेऊन गेली. रीतसर उत्खनन मंजुरीनंतर. तोवर मृग येईल.

ग्रामपंचायतीत दोन मतं आहेत. एक, वर जाड काच बसवून लोकांना दाखवू. दुसरं, टिनाचं शेड मारू. दोन्हीकडची मंडळी सिसिली, सायप्रस, इंग्लंडमधल्या रोमन मोझॅकचे फोटो दाखवतात, की बघा, तिकडे दीड-दोन हजार वर्षांच्या फरश्या सापडल्या तिथेच ठेवल्यात. म्हणून नीट समजून घ्यायचंय. ते लोक फरशी उचलून संग्रहालयात का नेत नाहीत? छत कसं उभारतात? दुरुस्तीला काय वापरतात? आणि त्यातलं आपल्या काळ्या मातीत, आपल्या पावसात काय चालेल? खात्याला प्रस्ताव द्यायचाय, नुसतं मत नको, तपशील हवा.

---

चुनाघाणी

भाऊ, काम थांबवून कळवलंत, हे सर्वांत मोठं काम झालं. आता फरशीकडे येतो.

रोमन मोझॅक म्हणजे वरचे रंगीत खडे एवढंच नाही. विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात याची कृती लिहून ठेवली आहे. तळाशी मुठीपेक्षा लहान नसलेले दगड. त्यावर खडीला चुना ३ ला १, तो धुमसून पाऊण रोमन फूट, म्हणजे २२ सेंटिमीटरच्या आसपास. त्यावर फुटक्या खापरांचा चुरा आणि चुना, पुन्हा ३ ला १, जाडी किमान सहा बोटं, म्हणजे ११ सेंटिमीटर. सगळ्यात वर बारीक चुन्याचा पातळ थर आणि तो ओला असतानाच त्यात खडे बसवायचे. प्रत्यक्षात सापडणाऱ्या बहुतेक फरश्यांचे थर यापेक्षा पातळ असतात, पण क्रम साधारण हाच. खडे अर्धा ते दोन सेंटिमीटर, बारीक चित्रात ४ मिलिमीटर किंवा त्याहून लहान. तुमचा कोबा हा या हिशेबात तिसऱ्या थराचा सख्खा भाऊ आहे. म्हणून मोझॅकच्या जतनातलं जवळजवळ सगळं तुम्हाला लागू पडतं, फक्त वर खडे नाहीत.

उचलून का नेत नाहीत? दोनशे वर्षं नेतच होते. पॉम्पेईतलं अलेक्झांडरचं मोझॅक १८३१ मध्ये सापडलं, १८४३ मध्ये उचलून नेपल्सला नेलं, आणि २००५ मध्ये त्या घरात मूळ जागी प्रतिकृती बसवावी लागली. उचलण्याची पद्धत अशी: पृष्ठभागावर सुती जाळीदार कापड सरसाने चिकटवायचं, सुकलं की खडे कापडाला धरून राहतात, मग खालून लांब पात्याने सोडवत तुकड्यातुकड्याने काढायचं. वरचं चित्र मिळतं, पण खालचे सगळे थर मागे राहतात किंवा खरवडून जातात. इस्रायलमधल्या लोदच्या मोझॅकखाली, ते उचलताना, चुन्याच्या थरात कारागिरांच्या पावलांचे ठसे आणि नक्षीसाठी आखलेल्या रेषा मिळाल्या. तिथे पाहणारे हजर होते म्हणून नोंद झाली. जिथे घाईत उचललं, तिथे अशा खुणा कायमच्या गेल्या.

पुढची गडबड त्याहून मोठी. विसाव्या शतकात उचललेले तुकडे सळया घातलेल्या सिमेंटच्या लाद्यांवर बसवायची पद्धत पडली. सळई गंजली की फुगते, लादी चिरते, आणि वरचं मोझॅकही तिच्याबरोबर चिरतं. अशा लाद्या आज फोडून काढाव्या लागतात आणि हे काम मूळ उचलण्यापेक्षा अवघड आहे. आता उचलावंच लागलं तर मागे चुन्याचा थर आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या जाळीदार फळ्या देतात. तुर्कस्तानात झ्यूग्माला बिरेजिक धरणाचं पाणी २००० मध्ये चढत होतं, तिथे उचलण्यावाचून इलाजच नव्हता. तसं कारण नसेल तर फरशी जमिनीवरच राहावी, हाच आजचा रिवाज. मोझॅक जतनाची आंतरराष्ट्रीय समिती १९७७ मध्ये रोममध्ये स्थापन झाली, तेव्हापासून कल तिकडे वळला.

आता दुरुस्ती. सिमेंट नको. चिमूटभरही नको, "चुन्यात थोडं टाका, पटकन धरेल" हेही नको. सिमेंटमध्ये विरघळणारे क्षार असतात, ते जुन्या चुन्यात उतरतात. शिवाय ते घट्ट असल्याने जमिनीतली ओल त्यातून बाहेर पडत नाही, बाजूच्या जुन्या मऊ चुन्यातून वाट काढते. पाणी हवेत उडतं आणि क्षार मागे राहून त्याचे स्फटिक होतात. खड्याच्या कडेला आधी पांढरी लव दिसते. भिंगातून पाहिलं तर बारीक सुया उभ्या असतात. पुढच्या पावसात त्या विरघळतात, उन्हात पुन्हा उभ्या राहतात, आणि प्रत्येक वेळी चुन्याचे कण सुटे करतात. चार-पाच हंगामांनी खडा बोटाने हलतो. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तीच प्रक्रिया, इथे ती आडव्या फरशीत चालते.

म्हणून कडा बांधायला आणि फटी भरायला पाण्यात धरणारा चुना, म्हणजे हायड्रॉलिक लाइम, आणि धुतलेली वाळू १ ला २ ते ३. तो नसेल तर नीट विझवलेला, मुरवलेला चुना आणि चांगल्या भाजलेल्या विटेची चाळलेली सुरखी. अर्धकच्च्या विटेची सुरखी म्हणजे माती, ती धरत नाही. जाडसर भर मोठ्या खड्ड्यात, बारीक भर खड्यांच्या फटीत. भरण्याआधी जागा ब्रशने साफ करून पाण्याचा फवारा, नाहीतर जुना चुना नव्यातलं पाणी ओढून घेतो आणि भर भुसभुशीत होते. भरल्यावर ओलं कापड टाकून काही दिवस ओल राखायची. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम करूच नये. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं.

आतून पोकळ झालेला भाग शोधायला बोटाच्या पेराने हळूच ठोकून पाहतात. भरीव जागी बद्द आवाज, पोकळ जागी घुमतो. फोटोची मोठी प्रत काढून त्यावर रंगीत पेन्सिलीने पोकळ, सुटं, खचलेलं, जुनं सिमेंट असं सगळं टिपायचं. हा नकाशा नसेल तर पुढच्या वर्षी काय बिघडलं ते सांगताच येत नाही. पोकळीत इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ चुना सोडतात. तुमच्याकडे मात्र यातलं काहीही खात्याच्या माणसाशिवाय करू नका, नकाशा सोडून. नकाशा आजच करा.

---

छत_आणि_पाया

वरच्या प्रतिसादाला धरून छताबद्दल लिहितो, कारण फोटोत नेमकं तेच फसवं दिसतं.

सिसिलीतल्या पियात्सा आर्मेरिनाजवळचा व्हिला रोमाना देल कासाले घ्या. चौथ्या शतकातला वाडा, साडेतीन हजार चौरस मीटरच्या आसपास मोझॅक, १९९७ पासून जागतिक वारसा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँको मिनिस्सी या वास्तुविशारदाने त्यावर लोखंडी सांगाडा आणि पारदर्शक प्लास्टिकची छतं-भिंती उभ्या केल्या. कल्पना सुंदर होती: उजेड नैसर्गिक, खोल्यांचा आकार कळतो, लोक भिंतींच्या माथ्यावरच्या पुलांवरून फिरतात. पण आत काचघर तयार झालं. उन्हाळ्यात आत भट्टी, रात्री गार, दमटपणा अडकलेला, वर क्षार आणि शेवाळ. शेवटी ते सगळं काढून लाकडी सांगाड्याचं अपारदर्शक, हवा खेळणारं छत घातलं आणि २०१२ मध्ये व्हिला पुन्हा खुला झाला. हे सिसिलीत झालं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो. त्यामुळे काचेचा प्रस्ताव पूर्ण सोडून द्या.

काच थेट फरशीवर आडवी बसवणं तर आणखी घातक. खालची जमीन ओल सोडते, ती काचेच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमते, थोड्याच दिवसांत हिरवा थर येतो, लोकांना दिसत काहीच नाही आणि साफ करायला काच उचलावी लागते. इटलीत अक्विलेयाच्या बॅसिलिकात काच आहे, पण ती चालण्याच्या पुलाला आहे, फरशीपासून वर, आणि ते सगळं एका उभ्या चर्चच्या आत, पक्क्या छताखाली आहे. फोटोत हा फरक कळत नाही.

टिनाचं शेड? छताची कल्पना वाईट नाही, पण नुसतं चार खांब आणि पत्रे म्हणजे अर्धवट काम. नेहमी बिघडतं ते असं:

पागोळ्या. पत्र्यावरचं सगळं पाणी एका रेषेत पडतं आणि फरशीच्या कडेलाच चर खणतं. २४ चौरस मीटर फरशीसाठी छत निदान ६०-६५ चौरस मीटर लागेल, म्हणजे चारही बाजूंनी दीड मीटर पुढे, नाहीतर वाऱ्याबरोबरचा तिरपा पाऊस आत येतो. ६० चौरस मीटरवर १०० मिलिमीटरचा पाऊस पडला तर ६,००० लिटर पाणी झालं. रामटेककडे एका दिवसात असा पाऊस पडू शकतो. त्याला पन्हाळ, उतरता पाइप आणि खाचरापर्यंत नेणारी पक्की नाली हवी. नाली खणतानाही खाली अवशेष असू शकतात, म्हणून ती खात्याला दाखवूनच.

अर्धी ओल, अर्धी कोरड. छताच्या कडेखालचा पट्टा भिजतो आणि वाळतो, मधला कोरडा राहतो. क्षारांचा सगळा खेळ त्या कडेच्या पट्ट्यात चालतो. शिवाय बाहेरच्या शेतातली ओल खालून चढतच असते, छत तिला अडवत नाही. म्हणून शेडपेक्षा आधी फरशीच्या चढाकडच्या बाजूने येणारं पाणी वळवणं महत्त्वाचं.

खांबांचे पाये. इथे आपली काळी माती सगळ्यात मोठी अडचण. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, उथळ पाया वर-खाली होतो, पत्रे वाकतात, वादळात शेड फरशीवर येतं. खोल पाया म्हणजे साडेतीन मीटरपर्यंतचे पाइल, आणि ते खणायचे म्हणजे पुरातत्त्वीय थरांतून भोकं पाडायची. तुर्कस्तानात अंताक्याला हॉटेलच्या जागेवर हजार चौरस मीटरहून मोठं मोझॅक सापडलं, तेव्हा मूळ आराखडा बाजूला ठेवून अवशेष नसलेल्या जागा हुडकून तिथेच लोखंडी खांब उभे केले आणि खोल्या वर टांगल्या. (त्या फरशीवर लाटा उठल्यासारख्या दिसतात. भूकंपांनी खालची जमीन हलली, तरी खडे बरेचसे जागेवर आहेत. चुन्यात थोडी लवचीकता असते, सिमेंट असतं तर तुकडे झाले असते.) तुमच्याकडे बांधकाम किती पसरलंय हेच अजून माहीत नाही. मग खांब कुठे रोवणार?

---

धानपट्टा_रामटेक

दोघांचेही आभार, हे पंचायतीत जसंच्या तसं वाचून दाखवतो. मग मृगाच्या आधी हाती काय राहतं? ताडपत्री टाकून ठेवली तर? आणि एक जण सुचवतोय की वर पॉलिश किंवा सीलर मारू, म्हणजे पाणी मुरणार नाही. गवत उगवायला लागलंय, ते उपटून काढू का?

---

वैनगंगा_काठ

सीलर अजिबात नको. वरून पाणी अडेल, खालून चढणारं अडणार नाही. ते वरच्या पापुद्र्याखाली अडकेल आणि पापुद्रा सोलून निघेल. मेण, वार्निश, फेव्हिकॉलचं पाणी, सगळं त्याच वर्गात.

रंग खुलावे म्हणून पाणी मारणंही बंद करा. भूमध्य समुद्राकाठच्या उघड्या स्थळांवर मार्गदर्शक फोटोसाठी मोझॅकवर बाटलीभर पाणी ओततात, दिवसातून कित्येकदा. क्षणभर रंग झळकतात आणि प्रत्येक वेळी क्षारांचा एक फेरा पूर्ण होतो.

गवत उपटू नका राजेहो. हरळीचं मूळ फटीतून शिरून चुन्याखाली आडवं पसरलेलं असतं, ओढलं की वरचा कोबा त्याच्याबरोबर निघतो. कात्रीने जमिनीलगत कापा, पुन्हा फुटलं की पुन्हा कापा. पिंपळ-उंबराचं रोप असेल तर आजच कापा आणि नकाशावर खूण करा.

ताडपत्री आणि प्लास्टिकबद्दल: रोमन मोझॅकवर हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी झालाय. खाली वाफ कोंडते, बुरशी येते, आणि अंधार व ओल मिळाल्याने मुळं प्लास्टिकच्या खालून लांबवर पसरतात. पाऊस सुरू असताना दोन दिवसांसाठी उंच ताणून धरलेली ताडपत्री ठीक, अंगाला लागून पसरलेली नको.

माझं स्पष्ट मत: पुन्हा मातीआड करा. हे ऐकायला हरल्यासारखं वाटतं, पण मोझॅकच्या क्षेत्रात ही मान्य, अभ्यासलेली पद्धत आहे. इंग्लंडमध्ये वुडचेस्टरला चर्चच्या दफनभूमीखाली ऑर्फियसचं प्रचंड मोझॅक आहे. ते अधूनमधून उघडून लोकांना दाखवत, शेवटचं १९७३ मध्ये उघडलं, आणि आता ते मातीखालीच आहे. लोदचं मोझॅक १९९६ मध्ये सापडलं आणि पैसा उभा राहीपर्यंत, २००९ पर्यंत, झाकून ठेवलं होतं. नंतर ते जगभर फिरून परत गावी आलं, झाकलं होतं म्हणूनच. तुमचीही परिस्थिती तीच आहे: उत्खनन व्हायचंय, पैसा यायचाय, पाऊस दाराशी.

पद्धत. खात्याचा लेखी होकार आणि शक्य तर त्यांचा माणूस हजर. सुटे तुकडे जागेवरच ठेवायचे, गोळा करायचे नाहीत. जे आधीच जागा सोडून पडलेत ते कुठे मिळाले ते लिहून पिशवीत. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, पाणी नाही. मग चाळलेली, गोड्या पाण्याने धुतलेली नदीची वाळू, ५ सेंटिमीटर, हाताने पसरायची, टोपलं वरून ओतायचं नाही. त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं, पाणी झिरपू देणारं कापड, जोडावर ३० सेंटिमीटर एकमेकांवर चढवलेलं. त्यावर पुन्हा वाळू ३० सेंटिमीटर. सर्वांत वर मुरमाचा थर, मध्यभागी थोडा उंच, म्हणजे पाणी बाजूला वाहील.

कापड थेट फरशीवर का नाही? मुळं त्याच्या धाग्यांत गुंततात आणि पुढे कापड उचलताना वरचा थर त्याला चिकटून येतो. रोमन फरश्यांवर याने खडे निघालेत. खाली वाळू असली की हा धोका जातो, आणि पुढे खणणाऱ्याला वाळू लागल्याबरोबर "आता हळू" हेही कळतं.

शेतातली काळी माती भरायची नाही, पहिल्या थरात तर मुळीच नाही. ती फुगते-आकसते, आणि आकसताना कोब्याला चिकटून पापुद्रे ओढते. ढिगातली खोदलेली माती "तिथलीच आहे, तिथेच टाकू" म्हणून लोटतात, ही चूक फार ठिकाणी होते. शिवाय त्या ढिगात खापरं, मणी, नाणी असू शकतात. तो ढीग वेगळा, झाकून ठेवा.

---

छत_आणि_पाया

झाकण्याला पूर्ण पाठिंबा, एक हरकत नोंदवून. झाकलं की गाव विसरतं. दोन वर्षांनी कोणीतरी त्यावर कडबा रचतो, ट्रॅक्टर उभा करतो, बोअर मारतो. म्हणून चार कोपऱ्यांना दगडी खुणा, सातबाऱ्यावर वा पंचायतीच्या नोंदवहीत उल्लेख, आणि सभोवती साधं तारेचं कुंपण. कुंपणाचे खांबही फरशीपासून निदान ३-४ मीटर लांब, उथळ, हाताने खणलेले.

दाखवायचं असेल तर आत्ताच चांगल्या उजेडात, वरून सरळ, पट्टी ठेवून फोटो काढा आणि खऱ्या मापाचा छापील फलक झाकलेल्या जागेच्या बाजूला लावा. पॉम्पेईत प्रतिकृती चालते, तर इथेही चालेल. शाळेची मुलं त्यावरून चालू शकतील, जे खऱ्या कोब्यावर कधीच चालू देऊ नये.

---

धानपट्टा_रामटेक

हे पटलं. पंचायत विचारते, वाळू किती आणि खर्च किती. वाळूची परवानगी वेगळी काढावी लागेल म्हणून नेमका आकडा पाहिजे.

---

वैनगंगा_काठ

फरशी ४ बाय ६, पण चारही बाजूंनी अर्धा मीटर जास्त झाका, म्हणजे ५ बाय ७, ३५ चौरस मीटर. कडा हाच सर्वांत नाजूक भाग, तिथे हात आखडू नका. खाली ५ आणि वर ३० सेंटिमीटर म्हणजे ०.३५ गुणिले ३५, सव्वाबारा घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणजे ४.३ ब्रास, बाजूच्या उताराला धरून ५ ब्रास मागा. जिओटेक्स्टाइल जोडासकट ४५ चौरस मीटर. मुरूम १५ सेंटिमीटरने सव्वापाच घनमीटर, २ ब्रास. दर तुमच्या तालुक्यातले लावा.

वाळू नदीची असली तरी एकदा चव घेऊन पाहा, किंवा बादलीत भिजवून वरचं पाणी काळ्या दगडावर वाळवा. पांढरा डाग राहिला तर आणखी धुवा. तळ्यातली, विहिरीच्या गाळातली वाळू घेऊ नका. ट्रॅक्टर खड्ड्याच्या कडेपासून ५ मीटर दूर थांबवा, पुढे घमेल्याने. आत उतरणाऱ्याने फळी टाकून, अनवाणी किंवा मऊ तळव्याची चप्पल घालून उतरायचं.

---

चुनाघाणी

वरच्या हिशेबात एक भर. झाकण्याआधी फरशीच्या एका कोपऱ्यात, कोब्याला न लावता, वाळूच्या पहिल्या थरात चालू वर्षाचं एक नाणं ठेवा. पुढे खणणाऱ्याला भर कधी घातली ते कळतं. आणि खड्ड्याच्या वरच्या अंगाला बांध घालून शेताचं पाणी शेततळ्याच्या जुन्या उतारातून बाहेर काढा. हा बांध आधी, वाळू नंतर. पहिला वळीव बांधाआधी आला तर चाळलेली वाळू आणि गाळ एकत्र होऊन सगळं पुन्हा काढावं लागेल, आणि ते काढताना कोबा खरवडला जातो.

---

धानपट्टा_रामटेक

बांध, मग वाळू, हा क्रम प्रस्तावात लिहिला. खात्याचा लेखी होकार मागणारं पत्र, नकाशा आणि फोटो जोडून, पाठवतोय. होकार आला की इथे कळवतो, ज्यांना जमेल त्यांनी हात लावायला या.